काठीचे घर आणि सजावटकाराची खोली



‘अंतर्गत सजावट’ हे शब्द कानावर पडले, की आपल्या डोळ्यांपुढे मुंबई-पुण्याचे दिवाणखाने उभे राहतात. गुळगुळीत फरशी, गुबगुबीत कोच, छताला लपवून लावलेले दिवे, आणि या सर्वांच्या मधोमध अंग चोरून बसलेले घरमालक! त्या दिवाणखान्यांविषयी बोलणारे वक्ते पुष्कळ आहेत. माझा विषय त्यांच्या मानाने फारच लहान आहे. लोकांची घरे लावून देणारा हा जो सजावटकार, तो स्वतः कोठे बसतो? त्याची दहा बाय बारा फुटांची खोली कशी असते, आणि ती कशी असावी, एवढेच मला सांगायचे आहे.

दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, त्याचा प्रत्यय या खोलीत हमखास येतो. कोपऱ्यात सनमायकाच्या नमुन्यांच्या चळती लागलेल्या असतात. नकाशांच्या सुरळ्या पाहुण्याच्या खुर्चीत विसावलेल्या असतात, त्यामुळे पाहुणा उभा. पडद्यांच्या कापडाच्या पुस्तकावर चहाचा पेला ठेवलेला असतो, आणि मोजपट्टी कोठे आहे ती कोणासच ठाऊक नसते. याच्या उलट दुसरा एक प्रकार आढळतो. तेथे सारे लखलखीत असते. काचेचा पडदा, मागे रंगीत भिंत, फिरती खुर्ची. परंतु आठ-चार फुटांचा नकाशा उलगडावयाचा म्हटला, की तो जमिनीवर पसरावा लागतो. पहिल्या खोलीत काम आहे, जागा नाही. दुसरीत जागा आहे, पण ती कामासाठी नव्हे, दाखविण्यासाठी आहे. नंदुरबार, शहादा, अक्कलकुवा अशा गावांतून आता सिमेंटची घरे उठत आहेत, आणि शिकून आलेली मुले-मुली तेथे हा व्यवसाय मांडू पाहत आहेत. यांच्यापाशी भांडवल थोडे आणि खोली भाड्याची. पहिल्या वर्षाचा पैसा जर खोट्या छतात आणि काचेत गेला, तर दुसऱ्या वर्षी खोलीच राहत नाही. म्हणून हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नव्हे, तो पोटाचा आहे.

आता या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास मी आपणांस काठीला घेऊन जाणार आहे, याचे कित्येकांस नवल वाटेल. काठी हे अक्कलकुवा तालुक्यातील, सातपुड्याच्या डोंगरांतले गाव. पश्चिम खानदेशात भिल्ल प्रमुखांची जी मेहवासी संस्थाने होती, त्यांपैकी हे एक. 1998 साली धुळे जिल्ह्याचे विभाजन झाले, तेव्हापासून ते नंदुरबार जिल्ह्यात मोडते. बाहेरच्या माणसाला काठी ठाऊक असते ती तेथील राजवाडी होळीमुळे. साठ-सत्तर फूट उंचीचा बांबू आणून, त्यासाठी हातांनी खड्डा उकरून, तो उभा करतात. रात्रभर ढोल वाजतात, मोरपिसांचे टोप घातलेले आणि कमरेला घुंगरू अथवा वाळके भोपळे बांधलेले लोक नाचतात, आणि पहाटे होळी पेटते. ही परंपरा साडेसातशे वर्षांहून जुनी असल्याचे सांगितले जाते. हजारो माणसे हा सोहळा पाहण्यास जातात, छायाचित्रे घेतात, आणि सूर्य वर आला की मोलगीच्या रस्त्याने परततात. एका उभ्या बांबूपुढे ती इतकी दिपून गेलेली असतात, की ज्या घरांवरून त्यांची वाट जाते, त्या घरांत आडवा, तिरपा, विणलेला, चिरलेला असा जो शेकडो हात बांबू काम करीत असतो, तो पाहण्याचे भान कोणाला राहत नाही.

ते घर जरा पाहू. सातपुड्यातील भिल्ल कुटुंबाचे जुन्या वळणाचे घर बहुधा आपापल्या शेतात, सुटे असे असते. सागाचे खांब, त्यांवर आडवी लाकडे, वर कौले. भिंती कुडाच्या; म्हणजे चिरलेल्या बांबूची विण आणि तिच्यावर माती-शेणाचा गिलावा. हे घर लहान नसते, चांगले ऐसपैस असते. पण त्यात आपल्यासारख्या खोल्या नसतात. एकाच आढ्याखाली चूल असते, धान्य असते, माणसे निजतात, आणि एका बाजूस गुरेही बांधलेली असतात. शहरी माणसाला वाटते, येथे गोंधळ असणार. प्रत्यक्षात अंधाऱ्या रात्री घरची बाई हात लांबवते आणि विळा सापडतो. कारण विळ्याची जागा ठरलेली आहे. तो कुडाच्या विणीत खोचलेला असतो. मक्याची बियाण्याची कणसे चुलीच्या वर आढ्याला टांगलेली असतात. तेथे धूर लागतो, त्यामुळे किडा लागत नाही. आणि धान्याच्या ज्या मोठाल्या कणग्या, त्या कित्येकदा अशा मांडलेल्या असतात, की त्यांच्या अलीकडे एक जागा होते आणि पलीकडे दुसरी. भिंत बांधण्याचा खर्च नाही, साठवणीला वेगळी जागा नाही. साठवण हीच भिंत!

या एका गोष्टीवर सजावटकाराने दोन दिवस विचार करावा, एवढी ती मोलाची आहे. आपण खोलीचे दोन भाग करावयाचे म्हटले, की प्लायवूडची किंवा काचेची आडभिंत घालतो. ती चार-सहा इंच जागा खाते, उजेड अडविते आणि बदल्यात काहीच देत नाही. त्याऐवजी कमरेइतक्या उंचीचे, सव्वा फूट खोलीचे, दोन्ही बाजूंनी उघडणारे मांडणीवजा कपाट मध्ये उभे करावे. अलीकडून नमुने निघतील, पलीकडून नकाशे. वरच्या फळीवर उभ्याने काम करता येईल. आणि बसलेल्या माणसाला आडोसा मिळून वरून वाराही मोकळा खेळेल. काठीच्या कणगीने जे साधले तेच हे, फक्त आत ज्वारी-मक्याऐवजी लॅमिनेटचे तुकडे.

आता क्षणभर आपल्या भाषेकडे वळू. साठवणीचे किती शब्द मराठीने सांभाळून ठेवले आहेत पाहा. खुंटी, दांडी, शिंके, कोनाडा, फडताळ, माळा, उतरंड. आज आपण या सर्वांना मिळून ‘स्टोरेज’ असा एकच शब्द वापरतो आणि सगळ्यांसाठी एकच कपाट करून घेतो. पण हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. खुंटी म्हणजे जी वस्तू दिवसातून दहादा लागते तिची जागा. झाकण नाही, कुलूप नाही, हात वर केला की वस्तू हातात. शिंके म्हणजे जमिनीवरच्या शत्रूपासून सुटका. पूर्वी तो शत्रू मांजर किंवा मुंगी होती, आपल्या खोलीत ओल आणि वाळवी आहे. कोनाडा म्हणजे भिंतीच्या जाडीत लपलेली जागा, जी खोलीतून एक इंचही मागत नाही. माळा म्हणजे वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूंचा तुरुंग. उतरंडीची गोष्ट तर फारच शहाणपणाची आहे. मोठे मडके खाली, लहान वर. पण खालचे काढावयाचे तर वरची सारी उतरवावी लागतात. म्हणून खालच्या मडक्यात कोणती वस्तू ठेवावी हे आजीला बरोबर ठाऊक असे. सजावटकार मात्र रोज लागणारे पुस्तक चळतीच्या तळाशी ठेवतो, आणि दिवसातून चार वेळा उतरंड उतरवितो.

तेव्हा खोली लावण्यापूर्वी कागदावर चित्र काढण्याची घाई करू नये. आधी आठ दिवस एक वही ठेवावी आणि कोणत्या वस्तूला दिवसात कितीदा हात लागला, त्याच्या रेघा ओढाव्यात. ही कल्पना माझी नव्हे. 1926 साली जर्मनीत फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे श्यूट-लिहोत्स्की या वास्तुशिल्पी बाईंनी एक स्वयंपाकघर आखले. ते सुमारे 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब, म्हणजे आपल्या हिशेबाने सव्वासहा फूट बाय अकरा फूट. आगगाडीच्या जेवणाच्या डब्यातील चिंचोळ्या मुदपाकखान्यात इतक्या लोकांचे जेवण कसे होते, याचा त्यांनी अभ्यास केला. कामाच्या क्रमात पावले किती पडतात ते पाहिले. आणि मग ओटा, मोरी, डबे यांच्या जागा ठरविल्या. तसली हजारो स्वयंपाकघरे बांधली गेली. त्यांवर पुढे टीकाही झाली, की त्यात एकच बाई मावते आणि तिला मदत करावयास दुसरे कोणी शिरू शकत नाही. ती टीका मला रास्त वाटते आणि आपल्या खोलीलाही लागू आहे. पण तिच्याकडे मागाहून येऊ.

प्रथम मापे घेऊ. खोली दहा फूट रुंद धरली. कामाचे मेज अडीच फूट खोल हवे. त्याहून कमी असेल तर घराचा मोठा नकाशा मेजाखाली लोंबतो. खुर्ची मागे सरकवून उठण्यास तीन फूट. मागून माणूस जाण्यास अडीच फूट. दोन फुटांत जाता येते, पण हातात नमुन्यांचे पुस्तक असल्यास येत नाही. समोरच्या भिंतीला मांडणी सव्वा फूट. बेरीज झाली सव्वानऊ फूट. उरले नऊ इंच! या नऊ इंचांतच सजावटकाराची सारी चैन बसावयाची आहे. म्हणून मी म्हणतो, की भिंतीपासून पुढे आलेली शोभेची चौकट, खांबांना चढविलेली लाकडी आवरणे, फूटभर खाली उतरलेले खोटे छत, हे असल्या खोलीत पाप आहे. मेजाची उंची बसून काम करण्यास अडीच फूट आणि उभ्याने कापड कापण्यास, नमुने पसरण्यास तीन फूट. पायांखालची जमीन शक्य तेवढी मोकळी दिसावी. जितकी जमीन दिसते तितकी खोली मोठी वाटते, हा दृष्टिभ्रम असला तरी फुकटचा आहे. शिवाय झाडू फिरतो आणि वाळवीची माती लगेच नजरेस पडते.

लहान जागा म्हणजे लाचारी, अशी समजूत असल्यास ती एका उदाहरणाने दूर व्हावी. चंदीगड शहर ज्यांनी आखले ते ल कॉर्ब्यूझिए. ज्या काळात ते चंदीगडच्या कामात गुंतले होते, त्याच काळात, 1951-52 मध्ये, त्यांनी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वतःसाठी एक लाकडी झोपडी आखली. तिचे माप 3.66 मीटर बाय 3.66 मीटर, म्हणजे बारा फूट बाय बारा फूट. उंची अवघी 2.26 मीटर, हात वर केलेला उंच माणूस जेथवर पोचेल तेथवर. आत बिछाना, मेज, कपाट, हात धुण्याचे भांडे, सारे त्या मापात बसविलेले. कामासाठी जवळच त्याहून लहान अशी एक साधी खोपी होती. एका नव्या राजधानीचा कर्ता पुरुष तेथे बसे! 2016 साली युनेस्कोने त्यांच्या इतर इमारतींबरोबर या झोपडीचीही जागतिक वारसा म्हणून नोंद केली. त्या झोपडीत आणि काठीच्या घरात एक साम्य मला दिसते. दोन्हीकडे कोणतीही वस्तू ‘तूर्त इथे असू दे’ म्हणून ठेवलेली नाही.

आता उजेडाकडे वळू. हा विषय सजावटकाराच्या बाबतीत सर्वांत नाजूक, कारण तो रंग विकतो. आपली बायकामंडळी साडी घेताना दुकानदाराला सांगतात, ‘जरा बाहेर उजेडात दाखवा.’ या वाक्यात रंगशास्त्राचा अर्धा ग्रंथ आहे. दोन कापडे उन्हात एकाच रंगाची दिसतात आणि दिव्याखाली वेगळी पडतात. कारण त्यांच्या रंगद्रव्यांची घडण निराळी असते, आणि दिव्याच्या प्रकाशात सूर्यप्रकाशातील सर्व छटा सारख्या प्रमाणात नसतात. गिऱ्हाइकाने सजावटकाराच्या दिव्याखाली पडदा पसंत केला आणि घरी तो सोफ्याशी फटकून दिसला, तर तो फसवला गेला, मग फसविण्याचा हेतू असो वा नसो. म्हणून नमुने पाहण्याची जागा खिडकीशी असावी. रात्रीसाठी दिवा घ्यावयाचा तो खोक्यावरचा ‘सी.आर.आय.’ हा आकडा पाहून घ्यावा. रंग किती खरे दिसतात त्याचे ते माप आहे. शंभर म्हणजे पूर्ण खरे. नव्वदच्या वर असेल तो दिवा आपल्या कामाचा. त्याशिवाय दोन-तीन पिवळे दिवेही हाताशी असू द्यावेत, म्हणजे ‘रात्री तुमच्या घरी हे असे दिसेल’ हे प्रामाणिकपणे दाखविता येते.

पुस्तकांत लिहिलेले असते, की चित्रकाराची खिडकी उत्तरेस असावी, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो. हे युरोपात लिहिलेले असते. आपले काठी, मोलगी, अक्कलकुवा हे सारे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. जूनच्या सुमारास भर दुपारचा सूर्यसुद्धा येथे किंचित उत्तरेकडे झुकतो, आणि मेपासूनच सकाळ-संध्याकाळचे ऊन उत्तरेच्या खिडकीतून तिरपे आत येते. तेव्हा उत्तरेची खिडकी जरूर घ्यावी, पण तिला बाहेरून बांबूची तट्टी लावावी. पाऊस लागला की ती वर गुंडाळावी. उजव्या हाताने रेघ ओढणाऱ्याने उजेड डावीकडून घ्यावा, नाहीतर आपल्याच हाताची सावली आपल्याच रेघेवर पडते.

भिंतीच्या रंगाविषयी तर सजावटकाराने आपल्या हौसेला आवरच घालावा. पॅरिसला गोबेलँ येथे गालिचे विणण्याचा सरकारी कारखाना होता. तेथील रंगखात्यावर शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. विणकर तक्रार करीत, की काळे सूत नीट रंगविलेले नाही, ते मळकट दिसते. शेव्रल यांनी सूत तपासले तर रंगात खोट नव्हती. खोट शेजाऱ्यात होती! काळ्या सुताशेजारी जो गडद रंग विणला जाई, तो काळ्याला मळकट दाखवी. या शोधावरचा त्यांचा ग्रंथ 1839 साली प्रसिद्ध झाला. तात्पर्य, ज्या खोलीत रंगांची पारख करावयाची, तिची भिंत कोणाची शेजारीण होता कामा नये. मळकट पांढरी किंवा फिकी राखाडी भिंत, त्याच रंगाचे मेज, हे उत्तम. गिऱ्हाईक म्हणेल, ‘तुमची स्वतःची खोली एवढी साधी कशी?’ त्याला हा गालिच्याचा किस्सा सांगावा. भिंतीवर खर्च केलेल्या रुपयांपेक्षा तो अधिक विश्वास मिळवून देईल.

येथेच एक अवघड मुद्दा काढतो. आदिवासी मुलखात खोली आहे, म्हणून भिंतीवर वारली चित्रे किंवा पिठोरा यांचे छापील कागद डकवण्याची टूम निघाली आहे. वारली चित्रे ही ठाणे-पालघरच्या वारल्यांची. सातपुड्याचा भिल्ल ती आपली का म्हणेल? पिठोरा आपल्याला भूगोलाने जवळचा खरा, छोटा उदेपूरच्या राठव्यांचा. परंतु पिठोरा ही सजावट नव्हे. नवस फेडण्यासाठी तो देव घरात आणावयाचा असतो. त्याचे विधी आहेत, तो लिहिणारा ठराविक माणूस आहे, तो विधिपूर्वक सांगणारा बडवा आहे. त्या घोड्यांची चिकटपट्टी करून संगणकामागे लावणे मला तरी बरे वाटत नाही. काठीच्या घराकडून घ्यावयाचे ते चित्र नव्हे. त्या घरातली विण, मांडणी आणि खुंटी घ्यावी. ती कोणाची देवता नाही, आणि घेतल्याने कोणाचे काही हिरावले जात नाही.

आणि घ्यावयाची म्हणजे विकत घ्यावयाची, योग्य दाम देऊन. आता मघाच्या टीकेकडे येतो: खोलीत दुसऱ्या माणसाला जागा आहे काय? सजावटकाराच्या खोलीत गिऱ्हाइकाची खुर्ची असतेच, आणि ती बहुधा सर्वांत चांगली असते. पण सजावटकाराचे काम गिऱ्हाइकाने होत नाही. ते सुतार, रंगारी, शिंपी, गवंडी आणि बांबूकाम करणारा यांच्या हातांनी होते. हा माणूस येतो तेव्हा दारात उभा राहतो. त्याला नकाशा उभ्याउभ्या दाखविला जातो. तो ‘हो, हो’ म्हणतो, आणि कपाट दोन इंच चुकते. मग दोष त्याच्या माथी. दक्षिण गुजरातच्या आणि लगतच्या नवापूर भागातील कोटवाळिया, किंवा आपल्याकडील बुरूड, यांचे बोटांतील ज्ञान पिढ्यांचे आहे. पण ते उभ्याने, कागदाकडे पाहून बाहेर येत नाही. त्याला जमिनीवर मांडी घालून, हातात कोयता आणि बांबूची कांब घेऊन बसू दिले, तर तो बोलण्याऐवजी करून दाखवितो. म्हणून दहा बाय बारा फुटांपैकी पाच बाय चार फुटांची जमीन मोकळी सोडावी. तेथे चटई असावी. सजावटकारानेही त्या वेळी खुर्चीवरून उतरून चटईवर बसावे. सोनाराच्या दुकानात जाऊन पाहा; कारागीर जमिनीलगत, सगळी हत्यारे हाताच्या अंतरावर, मांडीशी पसरलेल्या फडक्यात सोन्याचा कणही वाया जात नाही. बैठकीत बसूनच बारीक काम होते, हे आपल्या देशाला फार पूर्वी उमगले होते. ही वीस चौरस फूट जमीन ‘वाया’ गेली असे वाटेल. माझ्या मते खोलीतली सर्वांत कमाऊ जागा तीच.

नमुन्यांचे काय करावे? लॅमिनेटचा पूर्ण पत्रा आठ फूट बाय चार फूट. तो खोलीत आणूच नये. तुकडे आणावेत, आणि ते कंपनीवार न ठेवता रंगवार ठेवावेत. गिऱ्हाईक ‘अमुक कंपनीचे दाखवा’ असे क्वचितच म्हणते. ते म्हणते, ‘जरा फिकट लाकडासारखे दाखवा.’ प्रत्येक तुकड्याला भोक पाडून दोरीत ओवले आणि खुंटीला लावले, की किल्ल्यांच्या जुडग्यासारखे हातात येते. मागच्या बाजूस भाव आणि तारीख लिहावी. जो नमुना बाजारातून उठला, तो त्याच दिवशी फेकावा. मेलेले नमुने जिवंतांची जागा खातात. एका कामाचे जे साहित्य ठरले, ते सारे एका टोपलीत: त्या घराचा कापडाचा तुकडा, लाकडाचा, फरशीचा, रंगाची चिठ्ठी. टोपलीवर गिऱ्हाइकाचे नाव. काम संपले की टोपली रिकामी करून दुसऱ्यास. अशा आठ टोपल्या, बांबूच्या, झाकणाविना, एका फळीवर. मोलगीच्या बाजाराने त्या पुरवाव्यात, आणि खोलीची शोभाही त्याच.

खोली भाड्याची आहे हे विसरून चालणार नाही. भिंतीत कायमचे ठोकलेले कपाट मालकाचे होते. सागाच्या खांबांचे घर खिळ्यांवर नव्हे, सांध्यांवर उभे असते, म्हणून ते उतरविता येते. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील 33 गावांची जमीन गेली. अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतल्या त्या गावांतील अनेक कुटुंबांनी आपल्या घराचे खांब-वासे सोडवून नव्या वसाहतीत नेले आणि तेथे पुन्हा उभे केले. त्यांच्यावर ती पाळी यावी हे दुःखाचेच. पण जे घर सोडविता आले, त्याने निदान लाकूड तरी वाचविले. सजावटकाराने आपल्या मांडण्या अशाच सोडवून नेता येतील अशा, पेचांच्या आणि खुंटीच्या सांध्यांच्या, करून घ्याव्यात.

शेवटी पावसाळ्याविषयी थोडे सांगतो, कारण डोंगरालगतच्या गावात चार महिने खोलीची परीक्षा असते. प्लायवूडचे नमुने फुगतात, कापडाला बुरशी येते, कागद मऊ पडतात. मांडणीची सर्वांत खालची फळी जमिनीपासून सहा इंच वर आणि भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवावी, म्हणजे मागून वारा फिरतो. कापडाची पुस्तके आठवड्यातून एकदा उलगडून पंख्याखाली धरावीत. बांबूच्या वस्तूंना भुंग्याची भीती असते. बारीक पिवळे पीठ खाली पडू लागले की समजावे, तो आत शिरला आहे. बांबूतील साखर-पिष्ट हे त्याचे खाद्य. यासाठी कोवळा बांबू घेऊ नये, तीन वर्षांचा पक्का घ्यावा. तो पावसाळा संपून थंडी पडल्यावर तोडलेला असावा. आणि वस्तू करण्यापूर्वी बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला असावा. मेळघाटात लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभारलेल्या बांबू केंद्राने असले ज्ञान कारागिरांपर्यंत नेण्याचे मोठे काम केले आहे. खासगी शेतातला बांबू तोडण्या-नेण्याची अडचणही पुष्कळ कमी झाली आहे, कारण वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू 2017 च्या अखेरीस वन कायद्यातील ‘झाड’ या व्याख्येतून वगळण्यात आला. ज्यांना आपल्या खोलीची मांडणी बांबूची करावयाची असेल, त्यांनी ऑर्डर दिवाळीनंतर द्यावी आणि माल होळीच्या सुमारास घ्यावा. त्या दिवसांत काठीला जाणे होईलच. उभा बांबू पाहून झाला, की वाटेवरच्या एखाद्या घरी परवानगी मागून, कणग्या कशा मांडल्या आहेत तेवढे पाहून यावे.